सीलबंद रीळ, फुगणारं जॅकेट, पायडलची कयाक: उत्तनच्या खडकावर यातलं काय कामाचं?

बोरिवलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वर्षभर गोराई आणि उत्तनच्या खडकांवरून स्वस्तातल्या रॉड-रिळाच्या सेटवर गरवतोय (गळाने मासे धरतोय), कधीतरी मनोरीला मामांच्या होडीतून खाडीतही जातो. रीळ आता कुरकुर करायला लागलंय. हातात ४०,००० रुपये जमलेत. व्हिडिओत नवीन आलेली 'पूर्ण सीलबंद' रिळं दिसतात, गळ्यातल्या पट्ट्याएवढं बारीक, आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट दिसतं, फेकून वापरायचा सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) दिसतो, आणि पुढच्या वर्षी पायडलने चालणारी हवेची कयाक घ्यायचं मनात आहे. यातलं काय घेण्यासारखं आहे, की पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबू?

मी रिळं उघडून दुरुस्त करतो आणि जमेल तेव्हा वसई ते मढ या पट्ट्यात गरवतो. त्यामुळे माझं मत बरंचसं दुरुस्तीच्या टेबलावर तयार झालेलं आहे, हे आधीच सांगतो. नवीन माल आला की मी दोनच गोष्टी बघतो. आपल्या पाण्यात तो पहिल्यांदा कुठून बिघडेल? आणि बिघडला तर मुंबईत तो उघडून परत उभा करणारा कोणी आहे का? तुम्ही बघितलेले बहुतेक व्हिडिओ निळ्याशार, तळ दिसणाऱ्या पाण्यातले असतात. आपल्याकडे खाडीचा गाळ आहे, कालवांनी धारदार झालेले खडक आहेत, उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, आणि घरी आणलेलं सामान वाळायला दमट हवा आहे. तिथे चांगलं ठरलेलं सामान इथे वाईटच निघेल असं नाही, पण त्याची परीक्षा वेगळी होते.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. घरी आल्यावर थकलेले असताना दहा मिनिटं रिळाला देणार का? लुअर (नकली आमिष) फेकणार की कोळंबी-बोय लावून बसणार? जिताडा आणि तांब डोळ्यासमोर आहेत की शिंगाळा-ढोमा मिळाला तरी आनंद आहे? प्रश्नावरून मी असं धरतो की लुअरही फेकायचे आहेत, आमिषही लावायचं आहे, आणि एकाच सेटवर दोन्ही भागवायचं आहे.

आधी रीळ, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. 'सीलबंद' हा शब्द जाहिरातीत सरसकट वापरतात. त्यापेक्षा खोक्यावर आयपीएक्स (पाणी अडवण्याच्या चाचणीचं मानांकन) आणि पुढे आकडा आहे का बघा. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत सगळ्या बाजूंनी मारून केलेली चाचणी. आयपीएक्स६ मध्ये तोटी १२.५ मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कठीण बुडवणी, किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो. पेन कंपनीच्या रिळांचं उदाहरण घ्या: स्पिनफिशरला आयपीएक्स५, स्लॅमर ४ ला आयपीएक्स६, अथॉरिटीला आयपीएक्स८. पण झोत सोसणं आणि बुडणं सोसणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. ७ मिळालं म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळालं असं नसतं, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून जास्त पैसे देऊ नका. खडकावर उभं राहणाऱ्याला लाटेचे फटके जास्त बसतात, रीळ पाण्यात बुडण्याची वेळ क्वचित येते. तुमच्यासाठी ५ किंवा ६ पुरेसं आहे.

आता त्यातल्या 'एक्स'कडे लक्ष द्या. आयपीनंतरची पहिली जागा धूळ आणि घन कणांच्या आकड्याची असते. तिथे एक्स असेल तर कणांपासून किती संरक्षण आहे हे कंपनीने सांगितलेलंच नाही. शिवाय चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्यात होते. आपल्या खाडीत प्रत्येक थेंबात बारीक माती असते, आणि ती रबराच्या सीलच्या ओठावर जाऊन बसते. हँडल फिरवलं की तीच माती सील घासते. म्हणून इथे वापरलेलं सीलबंद रीळसुद्धा कधीतरी उघडून सील पुसावे लागतात, ग्रीस लावावं लागतं. 'मेंटेनन्स लागत नाही' हे वाक्य मुंबईत खरं धरू नका.

माझ्या टेबलावर येणाऱ्या रिळांत सगळ्यात आधी मेलेला भाग जवळजवळ नेहमी एकच असतो: लाइन रोलर. दोरी पाण्यातून येते ती थेट या रोलरवरून वळून स्पूलवर जाते. दोरीने आणलेलं खारं पाणी आणि गाळ तिथेच पिळला जातो. स्क्रू काढून आतलं छोटं बेअरिंग बाहेर काढलं की बोटावर राखाडी लगदा येतो, ग्रीस, मीठ आणि माती एकजीव झालेली. तो दोन बोटांत चोळला की पॉलिश पेपरसारखा खरखरतो. बेअरिंग अडकलं की रोलर फिरायचा थांबतो, दोरी एकाच जागी घासते, हळूहळू तिथे बारीक खाच पडते, आणि मग चांगली महागाची ब्रेड (विणलेली दोरी) विनाकारण तुटायला लागते. माणूस दोरीला नाहीतर गाठीला दोष देत बसतो. तुमच्या रिळाची कुरकुर बहुधा इथूनच असेल. टाकून द्यायच्या आधी ते एकदा उघडून घ्या. बेअरिंग बदलून ते रीळ आमिषाच्या दुसऱ्या सेटला छान चालेल.

म्हणून नवीन रीळ हातात घेतल्यावर मी विचारतो: लाइन रोलर एका स्क्रूने निघतो का? सुट्या भागांची आकृती मिळते का? बेअरिंगचं माप साधं आहे का, की कंपनीचंच हवं? डायवा कंपनीच्या मॅगसील्ड रिळांत रबराऐवजी चुंबकाने धरलेलं तेल पाणी अडवतं. ही कल्पना सुंदर आहे, रबर घासत नसल्याने फिरणं फार हलकं लागतं. पण ती जागा घरी उघडली तर ते तेल निसटतं, मग कंपनीच्या सर्व्हिसशिवाय पर्याय उरत नाही. स्वतः रीळ उघडणाऱ्याने ते घेऊ नये. जो कधीच उघडणार नाही आणि वर्षातून एकदा सर्व्हिसला पाठवेल, त्याने जरूर घ्यावं.

बॉडी कशाची आहे तेही विचारा. मॅग्नेशियम हलकं असतं, पण त्यावरचा लेप कुठे खरवडला तर खाऱ्या हवेत ते झपाट्याने गंजतं, आणि खडकावर रीळ टेकवलं की लेप खरवडतोच. ॲल्युमिनियम जास्त सोसतं आणि ताण आला तरी वाकत नाही. कार्बन मिसळलेली प्लास्टिकची बॉडी, शिमानोची सीआय४+ किंवा डायवाची झायऑन, गंजतच नाही, मात्र फार मोठ्या ताणाखाली किंचित वाकते. आपल्याकडच्या जिताडा-रावसाला तेवढा ताण येत नाही. उत्तनसाठी मी तिसरी घेईन, दुसरीही चालेल.

ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा ताण धरून दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) मोठ्या आकड्यांनी भुलू नका. नवीन रिळांवर १२ किलो, २० किलो असं ठळक छापतात. तुम्ही पीई २ जाडीची दोरी लावाल, ती साधारण १४-१५ किलोला तुटते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांशावर ठेवायचा, म्हणजे चार-पाच किलो. शेवाळलेल्या खडकावर उभं राहून पाच किलोचा ताण वजनकाट्याला लावून बघा, तेवढा धरून ठेवणंही सोपं नाही हे लगेच कळेल. बघायचं असेल तर ड्रॅग झटका न देता सुटतो का ते बघा. त्यासाठी कार्बनच्या चकत्या असलेला ड्रॅग घ्या, ओला झाला तरी सारखा चालतो.

पुढच्या मॉडेलची वाट बघू का, असं विचारलंय. बघू नका, मागच्या पिढीचं घ्या. मोठ्या कंपन्यांचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं. जपानी कंपन्या जानेवारी-फेब्रुवारीत योकोहामा आणि ओसाकाच्या प्रदर्शनांत नवा माल दाखवतात, अमेरिकेतलं आयकास्ट जुलैत असतं. शिमानोची स्टेला २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशी दर चार वर्षांनी बदलली. वरच्या मॉडेलमध्ये आलेली चांगली गोष्ट दोन-तीन वर्षांत मधल्या किमतीत उतरते, आणि नवं आलं की दुकानदार जुनं कमी किमतीत सोडतो. तोपर्यंत त्या जुन्या मॉडेलच्या खोडीही सगळ्यांना माहीत झालेल्या असतात, सुटे भागही बाजारात आलेले असतात. पहिल्या वर्षीचं रीळ घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. जपानी बाजारासाठी बनलेला माल इथे परस्पर आणून विकतात, तो स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी इथे चालेल का हे बिल करायच्या आधी लेखी विचारा.

दोरीबद्दल नवीन म्हणजे आठपदरी आणि बारापदरी ब्रेड. ती गोल, गुळगुळीत, आवाज न करता गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) जाते आणि लांब पडते. पण त्याच जाडीत पदर वाढले की प्रत्येक पदर बारीक होतो, आणि कालवाच्या धारेला बारीक पदर लवकर कापला जातो. गोराई-उत्तनच्या खडकांत मी चारपदरी लावतो. पाच-सात मीटर कमी फेक पडली तरी चालते. होडीतून, मोकळ्या पाण्यात आठपदरी लावायला माझी हरकत नाही.

लीडरला (गळाआधी दोरीच्या टोकाला जोडतात तो जाड तुकडा) फ्लुरोकार्बनच हवा असं व्हिडिओत ऐकलं असेल. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, कारण त्यात प्रकाश वळतो तो नायलॉनपेक्षा पाण्याच्या जास्त जवळचा असतो. पण हातभर खाली लुअर दिसेनासा होतो अशा पाण्यात त्या गुणाचा फारसा उपयोग नाही. त्याचा दुसरा गुण कामाचा आहे: तो कडक आहे, घासणं जास्त सोसतो, आणि नायलॉनपेक्षा जड असल्याने पटकन बुडतो. म्हणून तळाजवळ गरवताना तो घ्या. पॉपर किंवा वर तरंगणारा लुअर असेल तर साधा जाड तंगूस (नायलॉनची दोरी) उत्तम, तो ताणतो आणि झटका खातो. जाडी मात्र कमी करू नका. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, आणि खाडीत वाम लागली तर तिचे दात बारीक लीडर शिल्लक ठेवत नाहीत.

गळांवर पाचशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या. नवीन लुअर कितीही देखणा असला तरी त्यावर कारखान्यातून आलेले तीनतोंडी गळ बरेचदा नाजूक असतात. मोठा जिताडा तोंड दाबतो आणि ते सरळ होतात. त्या जागी जाड तारेचे एकतोंडी गळ लावायची पद्धत आता रुळली आहे, आणि ती आपल्यासाठी फार सोयीची आहे. खडकात आणि तुटून पडलेल्या जाळ्यांत कमी अडकतात, लहान मासा सोडायचा असेल तर पटकन निघतात, आणि लाट आली असताना हातात घुसायची भीतीही कमी. आमिषावर सर्कल गळ (टोक आत वळलेला) लावलात तर एक सवय मोडावी लागेल: मासा ओढायला लागला की झटका मारायचा नाही, शांतपणे रीळ फिरवत राहायचं. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

रॉडमध्ये अलीकडे आलेली आणि मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे चार-पाच तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड. पूर्वी असे रॉड सांध्याला मोडायचे. आता चांगल्या कंपन्यांचे सांधे इतके नीट बसतात की हातात फरक जाणवत नाही. विरारहून भरून आलेल्या गाडीत दोन तुकड्यांचा नऊ फुटी रॉड घेऊन चढणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. पाठीवरच्या पिशवीत मावणारा रॉड असला की माणूस ऑफिस सुटल्यावरही जातो, आणि जास्त वेळा गेलेल्याला मासा जास्त मिळतो. सांधे दर वेळी पुसा, मेणबत्तीचं मेण किंचित चोळा, आणि फेकायच्या आधी प्रत्येक सांधा घट्ट आहे का बघा. गाईड ब्रेडसाठीच्या तिरक्या चौकटीचे घ्या, त्यात गुंता आपोआप सुटून पुढे जातो. आणि कार्बनमधून वीज वाहते हे विसरू नका. मे अखेरीस किंवा ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून खडकावरून निघायचं. रेल्वेच्या पुलाजवळ, विजेच्या तारांखाली तो उभा धरायचा नाही.

आता जॅकेट. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे चुकीची निवड परत सुधारता येत नाही. आपोआप फुगणारी जॅकेटं हा खरोखरच चांगला शोध आहे. उन्हाळ्यात फोमचं जाड जॅकेट घालून माणूस शिजतो, म्हणून काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं जॅकेट बुडताना उपयोगाचं नाही. पट्ट्याचं जॅकेट अंगावर राहतं. त्यात साधारण ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं असतं, ते फुटलं की १५० न्यूटन, म्हणजे जवळपास १५ किलोचा उचल मिळतो आणि बेशुद्ध माणसाचंही तोंड वर राहण्याची शक्यता वाढते.

पण ते फुटतं कशाने हे बघा. स्वस्त जॅकेटांत पाण्याने विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई नळकांड्यात घुसते. या गोळीला फक्त ओलावा कळतो, तो समुद्राचा आहे की पावसाचा ते कळत नाही. जुलैत आपल्या घरातल्या कपाटात बुरशी येते, तिथे ही गोळी सुरक्षित राहील असं मी धरत नाही. लाटेच्या मोठ्या फटक्यानेही ती सुटू शकते. दुसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो, जॅकेट काही सेंटीमीटर बुडलं तरच फुटतो, पावसाने किंवा शिंतोड्याने नाही. तो महाग असतो, पण फुगणारं घ्यायचंच असेल तर तोच घ्या. दोन्हीत गोळी किंवा यंत्रणेवर मुदत छापलेली असते, एकदा फुगलं की पूर्ण किट बदलावं लागतं. ते किट इथे मिळतंय याची खात्री झाल्याशिवाय जॅकेट घेऊ नका. नळकांडं हाताने घट्ट बसलंय ना हे दर वेळी घालण्यापूर्वी बघायचं, ते हळूहळू ढिलं होतं.

हे झालं होडीचं. खडकावर मात्र मी फुगणारं जॅकेट घालू नका असंच सांगेन. खडकावरून पडलेला माणूस आधी कालवांवर आपटतो. फुगलेली पिशवी तिथे फाटली तर काहीच उरत नाही. फोमचं जॅकेट फाटलं तरी तरंगतं, आणि छाती-पाठीला थोडा आधारही देतं. खांदे मोकळे राहतील असं, मासेमारीसाठी कापलेलं, १०० न्यूटनचं फोमचं घ्या. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्या माणसासाठी आणि मदत जवळ असेल तिथेच. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून बोटीत बसताना जॅकेट मागणाऱ्याला कोणी हसत नाही. खडकांवर अजून हसतात. हसू द्या.

तुम्ही न विचारलेली एक वस्तू या यादीत घालतो: तळाला फेल्ट आणि खिळे असे दोन्ही असलेले खडकावरचे बूट. नुसतं फेल्ट शेवाळावर पकडतं पण चिखलात घसरतं, नुसते खिळे कोरड्या खडकावर सरकतात. उत्तनच्या ओहोटीत तिन्ही प्रकारची जमीन दहा पावलांत लागते. इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

कयाकचं बघू. हवेच्या कयाक आता खूप सुधारल्या आहेत. आत हजारो धाग्यांनी दोन थर जोडलेला तळ असतो, जास्त दाबाने हवा भरली की त्यावर उभंही राहता येतं. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये ती कपाटात मावते हा मोठा फायदा मी कमी लेखत नाही. पण ती उतरवायची जागा बघा. वाळूच्या किनाऱ्यावर ठीक, खाडीत मात्र जिथे पाय टेकाल तिथे कालवं. शिवाय ती पाण्यावर उंच आणि हलकी बसते, दुपारचा समुद्रावरचा वारा तिला ढकलत नेतो. तुमचे मामा मनोरीला आहेत, त्यांच्या अंगणात जागा असेल तर कडक प्लास्टिकची, वर बसायची कयाक घ्या. जुनी मिळाली तरी चालेल. पॉलिथिन खडकावर घासलं तरी ओरखडे पडतात, फुटत नाही.

पायडलचं म्हणाल तर दोन जाती आहेत. एकात खाली पंखा फिरतो, दुसऱ्यात माशासारखे दोन पर इकडून तिकडे हलतात. परांची पद्धत हॉबी कंपनीने १९९७ मध्ये आणली आणि आता ती मागेही चालते. आपल्या खाड्यांत डोलीचे (पाण्याच्या ओढीत बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे) दोर, जाळ्यांचे बोयरे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. पंख्याला यातलं काहीही गुंडाळतं, आणि ते सोडवायला वाकलेला माणूस ओहोटीत वाहत असतो. पर लवकर अडकत नाहीत, पण किंमत बरीच जास्त. दोन्हींत वल्हं सोबत हवंच, दोरीने बांधलेलं. आणि कोणाच्या डोलीचा दोर अडकला म्हणून सुरी चालवायची नाही. ते त्या घराचं पोट आहे.

कयाकपेक्षा महत्त्वाचं आहे ते कधी उतरायचं. माणूस सलग वल्हवत तासाला चार-पाच किलोमीटर जातो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ तेवढी होऊ शकते, म्हणजे तुम्ही पूर्ण जोर लावूनही जागच्या जागी. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब मामांना तोंडपाठ असेल. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी समुद्राकडे ओढतं. हौशी माणूस नेमका त्याच वेळेला मोकळा असतो. वारा समुद्राकडून आणि पाणी समुद्राकडे, म्हणून तोंडाशी लाटा उभ्या राहतात. अष्टमीला उलट: आठ गुणिले पाऊण सहा, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपून सहापर्यंत पाणी आत येतं आणि भांगामुळे (उधाणाच्या उलट, भरती-ओहोटीतला फरक कमी) ओढही कमी असते. पहिल्या काही फेऱ्या अष्टमी-नवमीच्या दुपारीच करा. पाणी तुम्हाला घरी आणून सोडेल. १ जूनपासून यांत्रिक बोटींना पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्या काळात कयाकही उलटी करून झाकून ठेवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे नंबर घालून ठेवा.

फेकायचा सोनार सध्या सोडून द्या. गढूळ पाण्यामुळे तो चालत नाही असं नाही, आवाजाच्या लहरी गाळातूनही जातात. पण खडकाच्या पुढ्यात फेस आणि बुडबुडे असतात, त्यात पडद्यावर नुसता कचरा दिसतो, आणि लाट तो चेंडू उचलून खडकात घालते. होडीवर छोटा बसवलेला सोनार मात्र कामाचा आहे, खोली आणि तळ कडक की मऊ हे कळतं. मामा किनाऱ्यावरच्या खुणा एका रेषेत धरून कुठे खडक आहे ते सांगतील. तिथे पोचल्यावर सोनारवर बघा आणि जागा फोनमध्ये नोंदवा. लाखांच्या घरातले मासा हलताना दाखवणारे सोनार चार-पाच मीटर पाण्यासाठी घ्यायची गरज नाही.

तर ४०,००० मी असे वाटेन: रिळाला १४-१५ हजार, मागच्या पिढीचं, ४००० ते ५००० साइजचं. रॉडला सात-आठ हजार. फोमच्या जॅकेटला पाच, बुटांना तीन-चार. चारपदरी ब्रेड, लीडर आणि गळांना मिळून चार. उरलेले साधारण पाच हजार सहा महिने हात लावू नका, कारण लुअर अडकून तुटणार आहेत आणि बेअरिंग बदलावी लागणार आहेत.

रीळ घेताना दुकानातच करायच्या गोष्टी: बेल (दोरी अडवणारी वळलेली तार) उघडून लाइन रोलर नखाने फिरवा, मोकळा फिरला पाहिजे. हँडल धरून मागेपुढे हलवा, खडखडायला नको. ड्रॅग अर्धा लावून हाताने दोरी ओढा, सुटताना झटका नको. घरी आल्यावर दर वेळी ड्रॅग घट्ट करा, नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, जोरात फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत पंख्याखाली ठेवा. सैल करायचं विसरलात तर चकत्या दबून बसतात.

रॉडची लांबी मी मुद्दाम लिहिली नाही. उत्तनला तुम्ही मोकळ्या समुद्राच्या बाजूला उभे राहता की खाडीच्या आतल्या अंगाला, आणि लुअर साधारण किती ग्रॅमचे फेकता, एवढं कळवा. त्यावरून सांगतो.